खांद्याचं माप

अगो पूजा, तो फोन ठेव खाली आणि फक्त ऐक. मधेच 'मग काय झालां' करू नको, मी सांगतेच आहे.

पेडण्याची ती सातघरां तुला ठाऊक आहेत ना? बाजारातून वर चढताना लागते ती लांबच लांब कौलारू ओळ? आपण तिथून दहा वेळा गेलो असू, पण वर मान करून कधी बघितलं नसेल. सात घरं, पण छप्पर एकच. मांजर या टोकाला चढलं की कौलांवरून चालत थेट त्या टोकाला उतरतं. दोन घरांमधे एकच चिऱ्यांची भिंत, दोघांच्या मालकीची. आणि पुढे ओसरी, तीसुद्धा एकच, खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत सलग. लाकडी खांब, खांबांच्या मधे बसायला दगडी सोपे, आणि जिथे एक घर संपून दुसरं सुरू होतं तिथे डोक्यावर आडवी तुळई. आता पुढच्या खोल्यांची सगळी दुकानं झाली. जिथे शिंपल्यांच्या तावदानांची जनेलं होती तिथे शटर आली. एकात मोबाईलवाला, एकात फोटोफ्रेमवाला, एकात विनिताचं फुलं-अगरबत्तीचं दुकान. मागच्या खोल्यांत मात्र माणसं अजून राहतात, चुली पेटतात, माशांना फोडणी पडते, आणि तो वास पुढे गिऱ्हाइकाच्या नाकात.

कारण गंमत अशी, की त्या भिंती छपरापर्यंत पोचतच नाहीत. माणसाच्या दीड उंचीवर थांबतात. वर माळा सगळा मोकळा. वारा खेळावा म्हणून जुन्या लोकांनी तसं बांधलं, पण वाऱ्याबरोबर बाकीचंही खेळतं. विनिता तिच्या दुकानात शिंकली की तीन घरं पलीकडून कोणीतरी ओरडतं, "काढो घे गो!" मोबाईलवाल्याने खालून पांढरं छत मारून घेतलं, एसी बसवला, तरी त्याचं नि बायकोचं भांडण सगळ्या ओळीला पाठ.

तर या ओळीत, खालून तिसऱ्या घरात, सुविधाने दुकान घेतलं. सुविधा म्हणजे इब्रामपूरची गो, लग्न होऊन इकडे आली ती. इतकी वर्षं घरी बसून ब्लाऊज शिवत होती, खाटेवर कापड, खाटेखाली कापड, नवरा स्वप्नील झोपायचा कुठे देव जाणे. तिचं एकच स्वप्न, रस्त्यावरून दिसेल असं दुकान. ते मिळालं पद्मावती टीचरमुळे. टीचर निवृत्त झाल्या, मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात, पुढची साल, म्हणजे रस्त्याकडची मोठी खोली, त्यांनी सुविधाला दिली. देताना एकच अट घातली.

"सुविधा, आत काय करूचां ता कर. भिंतीक रंग मार, कपाटां ठोक. पण ओसरीवरची पालखी माझ्या दारात अडकता नये. अडली तर दुसऱ्या दिवशी तुझां मशीन बाहेर."

आता ही पालखी समजून घे, म्हणजे पुढचं कळेल. गावच्या देवाची पालखी जत्रेच्या सकाळी निघते, रस्त्याने चौघांच्या खांद्यावर येते, पण सातघरांकडे आली की ती रस्ता सोडते आणि खालच्या पायरीवरून ओसरीवर चढते. ओसरी अरुंद, म्हणून तिथे दोघेच, एक पुढे एक मागे. मग घरोघरच्या दारातून, ओसरीओसरीने, वरच्या पायरीपर्यंत जाते. मधे खाली ठेवायची नाही, खांद्याच्या खाली आणायची नाही, आणि मधेच रस्त्यावर उतरवायची तर अजिबातच नाही. कारण देवासाठी ती सात घरं नाहीत, एकच घर. एका दारातून उतरली म्हणजे देव घरातून अर्ध्यावर उठून गेला. मग वरच्या सगळ्यांची आरती तशीच राहणार, आणि वर्षभर ज्याच्या घरात जे काय वाईट होईल, त्याचं बिल कोणाच्या नावावर फाटणार? ज्याच्या दारात अडली त्याच्या.

सुविधाला हे सगळं माहीत होतं हं. ती काही वेडी नाही. पण झालं असं की रस्ता. दरवेळी डांबरावर डांबर चढवून रस्ता एवढा वर आला की पावसात पाणी सरळ ओसरीवर आणि ओसरीवरून दुकानात. मागच्या पावसात एका नवरीचा शालू खालच्या फळीवर होता, तो भिजला. रंग उतरून पदराचा नकाशा झाला. नवरीची आई दुकानात उभी राहून जे बोलली ते, सांगितलं ना, भिंती वर पोचत नाहीत, सगळ्या ओळीने ऐकलं. तेव्हाच सुविधाने ठरवलं, जत्रेच्या आधी आपल्या दारापुढची ओसरी वीतभर वर उचलायची आणि लादी घालायची.

आणि तिने माप घेतलं! तेच तर सांगते. देवळात जाऊन पालखीचा दांडा बघितला. मधे कमानीसारखा वर उठतो ना तो, त्याचं खांद्यापासूनचं अंतर सुतळीने मोजून आणलं. मग घरी बांबू घेतला, बांबूच्या मधोमध एक कदेल, म्हणजे खुर्ची गो, उलटी बांधली, पाय वर करून, बरोबर तेवढ्या उंचीची. स्वप्नील पुढे, त्याचा मित्र गौरेश मागे, खांद्यावर बांबू, आणि ओसरीवर फळ्या टाकून वीतभर उंच केलेलं. दोघं उलट्या कदेलीची मिरवणूक काढून तुळईखालून गेले आणि आले. विनिता फुलं ओवायची थांबून बघत होती.

"काय रे, ह्यो खंयचो देव?" ती म्हणाली.

"हो फर्निचराचो देव," गौरेश म्हणाला. "नारळ ठेव, कपाट पावतला."

चार बोटं जागा राहिली. सुविधाने स्वतः बोटं घालून बघितली. दुसऱ्याच दिवशी गवंडी आला, दत्ताराम, पार्से गावचा, आणि लादी बसली. आणि काय लादी गो! फिकट निळी, कडेला पांढरी वेल. माणसं नुसती लादी बघायला यायची आणि जाताना ब्लाऊज टाकून जायची.

जत्रा तोंडावर आली. विनिता झेंडूचे हार ओवत होती, सुविधा तिच्या शेजारी सोप्यावर बसून हूक लावत होती. आणि विनिता एकदम थांबली. सुई हातात तशीच.

"सुविधा. तू मापलंस तां कोणाच्या खांद्यावर?"

"स्वप्नीलच्या आणि गौरेशच्या. तू होतंस ना बघूक."

"आणि पालखी घेता कोण?"

पूजा, सुविधा सांगते की तिच्या हातातलं हूक कुठे पडलं ते अजून सापडलं नाही.

कारण पालखीचा पुढचा खांदा सगुणबाबांचा. त्यांच्या घराण्याचा मान तो, मागचा खांदा त्यांच्या पुतण्याचा, प्रज्योतचा. आणि ते घराणं म्हणजे... तू बघितलंयस ना सगुणबाबांना? बाजारात गर्दी असली तरी त्यांचं डोकं वेगळं दिसतं. प्रज्योत तर एसटीत चढला की वाकलेलाच राहतो. आणि स्वप्नील? स्वप्नील चांगला माणूस आहे, पण फळीवरचा डबा काढायला सुविधाला स्टूल लागतं आणि स्वप्नीलला पण स्टूल लागतं. गौरेश त्याच्याहून दोन बोटं कमीच.

"ओळ बांधली ना," विनिता म्हणाली, "तेव्हा ह्यो तुळयो सगुणबाबांच्या पणज्याच्या खांद्यावरसून बसवल्यानी म्हणतत. तेका हुबो केल्यानी आणि वर चार बोटां सोडल्यानी. ता घराणां आजून तेवढांच उंच. आणि तू त्या चार बोटांत वीत घातलंस!"

"माका आधी सांगूक काय झालेलां?"

"माझ्या ध्यानातच इलां नाय गो. मी त्या कदेलीक हसत होतंय."

दत्तारामला फोन केला. तो म्हणाला, आता फोडली तर जत्रेच्या दिवशी तिथे नुसता राडा, सिमेंटचे कपचे आणि खड्डा. "पालखी काय खड्ड्यातसून न्हेतल्यात? जत्रा झाली की फोडतंय, सांग." आणि फोन ठेवला.

दुपारी शटर अर्धं खाली ओढून सुविधा आणि स्वप्नील आत बसले. ती रडकुंडीला आलेली.

"मी घेतंय ना पालखी," स्वप्नील म्हणाला. "माप माझ्याच खांद्याचां असा."

"तू घेतलंस! आणि तुका दितलो कोण? मान त्यांचो. पिढ्यान् पिढ्या त्यांचो."

"विचारून बघूया."

"कोणी विचारूचां? मी? 'सगुणबाब, तुम्ही उंच आसात, तेवा तुमचो मान माझ्या घोवाक द्या?' जीभ झडात माझी!" मग तिचा तोल गेला. "आणि एवढे उंच वाढूक सांगितल्यान कोणी त्यांका? माणूस काय माड? देवान माड करूक घेतल्यान आणि वर झावळ्यो घालूक इसारलो!"

स्वप्नील हसला. ती पण हसली, मग परत रडली.

पण रात्रभर डोक्यात तेच, म्हणून सकाळी ती गेलीच. निमित्त होतं, सगुणबाबांची बायको चंद्रावतीकाकी, तिचा जत्रेचा ब्लाऊज शिवून झालेला. सगुणबाबांचं घर त्याच ओळीत, सुविधाच्या वरच्या बाजूला एक घर सोडून. म्हणजे बघ, पालखी सुविधाच्या दारात अडली तर त्यांच्याच दारात देव पोचणार नाही. आपल्या देवाला आपल्या खांद्यावर घेऊन आपल्या दाराआधी थांबायचं!

आत शिरली तर कसल्याशा तेलाचा उग्र वास. सगुणबाब आरामात कदेलीत, उघड्या अंगावर पंचा. चंद्रावतीकाकीने हात पदराला पुसले आणि ब्लाऊज घेतला. चहा आला. सगुणबाबांनी कप डाव्या हाताने उचलला. सुविधाने हे सगळं बघितलं, पण तिच्या डोक्यात तुळई होती, तेल कसलं दिसतंय!

"सगुणबाब," ती म्हणाली, "ती पालखी..."

"काय पालखी?"

"नाय, म्हणजे... येतली ना?"

त्यांनी कपातून वर बघितलं. "देव दर वर्सा येता. अवंदा काय रस्तो चुकतलो?"

"नाय नाय, तसां नाय."

"मग कसां?"

तेवढी संधी होती, पूजा. समोर माणूस स्वतः विचारतोय, मग कसां. आणि सुविधाने काय केलं? म्हणाली, "चाय बरी झाली," आणि उठली. दाराबाहेर येऊन तिने स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं. मागून चंद्रावतीकाकी नवऱ्याला काहीतरी रागाने बोलत होती, पण सुविधा थांबली नाही. तिला वाटलं, आपल्याबद्दलच असणार.

जत्रेच्या सकाळी सगळ्या ओळीने रांगोळ्या घातल्या. सुविधाने पण निळ्या लादीवर पांढरी रांगोळी घातली, एवढी सुंदर की कोणाचा पाय पडू नये. दारात पद्मावती टीचर आरतीचं ताट घेऊन उभ्या. स्वप्नील पाण्याचे पेले भरून ट्रे घेऊन. सुविधा खांबाला धरून. टीचर एकदा लादीकडे बघायच्या, एकदा तुळईकडे, एकदा सुविधाकडे.

ढोल आले. पालखी रस्त्यावरून वळली, चौघांतले दोघे बाजूला झाले, सगुणबाब पुढे, प्रज्योत मागे, आणि खालच्या पायरीवरून ओसरीवर चढली. पहिल्या घरी आरती. मग विनिताकडे. दांड्याच्या कमानीवरचे झेंडू तुळईखालून चार बोटं ठेवून निघाले, दर वर्षी निघतात तसे. आणि विनिताची ओसरी संपली.

सगुणबाब सुविधाच्या पायरीपाशी थांबले.

त्यांनी पाय वर ठेवला नाही. समोर बघितलं. मग वर, तुळईकडे. मागून प्रज्योत म्हणाला, "काका, चला." ते हलले नाहीत. ढोलवाल्यांना कळलं काहीतरी झालं, एकेक करत ढोल गप्प झाले. खाली रस्त्यावरचे लोक टाचा उंचावून बघायला लागले. कोणतरी म्हणालं, "उतरवा रे मगे रस्त्यार!" आणि चार जणांनी त्याला गप्प केलं. सुविधाला वाटलं, आत्ताच मशीन उचलावं आणि इब्रामपूरला चालत जावं.

आणि सगुणबाब मोठ्याने म्हणाले, "स्वप्नील! तो ट्रे ठेव खाली आणि हय ये."

स्वप्नीलने ट्रे सुविधाच्या हातात दिला. म्हणजे दिला काय, सोडला.

"खांदो घाल."

"मी?"

"तू नाय तर तुझो बापूस? घाल!"

प्रज्योत मागून म्हणाला, "काका, मान आमचो."

"मान आमचोच," सगुणबाब म्हणाले. "आमचो म्हणान तर माका दुसऱ्याक देऊक येता. तू पण दी. गौरेश खंय असा? ये रे, फर्निचराचो देव न्हेलेलंस तो!"

ओळ खदखदली, पूजा! पालखी खांद्यावर असताना सगळी ओळ हसली. गौरेश गर्दीतून चपला टाकत धावत आला. पुढे स्वप्नीलने सगुणबाबांच्या खांद्यालगत आपला खांदा सरकवला आणि टाचा उंच करून वजन घेतलं, मागे गौरेशने तसंच. एक क्षणभर सुद्धा पालखी खांद्याखाली आली नाही. मग ती दोन बुटकी माणसं, मान ताठ, तोंड लाल, निळ्या लादीवर चढली. लादी गुळगुळीत, पाय घामाने ओले. पहिली तुळई. चार बोटं. टीचरनी ओवाळलं. दुसरी तुळई. तिथे एक झेंडू घासला, त्याच्या दोन पाकळ्या लादीवर पडल्या, आणि पालखी पलीकडे मोबाईलवाल्याच्या ओसरीवर उतरली.

ढोल असे सुटले गो, कौलं हलली असतील.

सुविधा ट्रेसकट सोप्यावर बसली. बघते तर शेजारी सगुणबाब येऊन बसलेले. पालखी परत घ्यायला गेलेच नाहीत. उजवा खांदा डाव्या हाताने चोळत होते.

"घेऊन जा रे वरच्या पायरीसर!" ते ओरडले. मग ट्रेमधला पेला घेऊन गटागट पाणी प्यायले. "हुश्श."

"सगुणबाब," सुविधा म्हणाली, "तुमचो खांदो..."

"गेलो तो. काजूच्या बागेत पडलंय, तेवापासून हात वर जायत नाय. डॉक्टर म्हणता वजन घेव नुको, बायल म्हणता पालखी घेव नुको, रोज तेल चोळता आणि रोज गाळी दिता. पण ह्या बाजारात सांगूचां कोणाक, सगुणाक आता जमणा नाय म्हणून? प्रज्योताक पुढचो खांदो देवचो तर मागचो कोणाक? घरात दुसरो कोण उरलो नाय. मी देवाक म्हणत होतंय, काय तरी वाट काढ. तेणी तुझी लादी काढल्यान."

"तुमका लादीचां आधी कळलेलां?"

"माका?" त्यांनी वर बोट केलं, जिथे भिंत संपते आणि माळ्याचा अंधार सुरू होतो तिथे. "ह्या ओळीत माका काय कळना नाय? माडाक सगळां आयकूक येता गो. झावळ्यो नसल्यो तरी."

सुविधाने पदरात तोंड लपवलं. पेला खाली पडला, फुटला नाही, एवढंच.

"मग तुम्ही त्या दिवशी काय बोलूक नाय कसे?" ती पदरातूनच म्हणाली. "मी इल्लंय ना घरा."

"बरां केलंस विचारलंस नाय ता. विचारलां असतंस तर माका नाय म्हणूचां लागला असतां. मान कोण मागान घेता? आणि मागलेलो कोण दिता? मग तुझी पालखी अडली असती आणि माझो खांदो मोडलो असतो. मी मनात म्हणत होतंय, देवा, ह्या चेडवाच्या तोंडाक कुलूप घाल." आणि ते हसायला लागले, खांदा धरून, कारण हसताना दुखत होता.

तिकडे वरून आरतीचा आवाज येत होता, त्यांच्याच दारातली. चंद्रावतीकाकी नवा ब्लाऊज घालून ओवाळत होती आणि स्वप्नील खांद्यावर देव घेऊन उभा, फोटोफ्रेमवाला त्याचे फोटो काढतोय, हा हसू दाबतोय. पद्मावती टीचर बाहेर आल्या, पायाने लादी चाचपून बघितली.

"लादी बरी आसा," त्या म्हणाल्या. "पण निसरडी आसा. पुढच्या वर्सा वर काथ्यो घाल. तुझो घोव पडलो तर मशीन बाहेर."

म्हणजे पुढच्या वर्षीही मशीन आतच! सुविधाने तिथेच त्यांचे पाय धरले. आणि विनिता, तिचं काय, हार संपले नाहीत तोच दत्तारामला फोन लावून बसली. तिलाही लादी पाहिजे, मोबाईलवाल्यालाही पाहिजे. आता सगळी ओळ वीतभर वर येणार, कारण आता माप स्वप्नीलच्या खांद्याचं. सगुणबाबांच्या पणज्यानंतर स्वप्नील! बाजारात आता तो थोडा छाती काढून चालतो, तेवढंच उंच.

पण सुविधाला अजून कळत नाही, की त्या दिवशी चहा पिऊन उठली ती भित्रेपणाने की शहाणपणाने. ती म्हणते, मी बोलायलाच गेले होते, बोलता आलं नाही एवढंच. आणि ते तोंड उघडलं असतं तर सगळंच बिघडलं असतं. म्हणून तुला विचारते, आता बोल, खरं खरं सांग. सगुणबाब समोर बसलेत, कप डाव्या हातात, तुला स्वतः विचारतायत, मग कसां. तू असतीस तर काय केलं असतंस गो?